आत माणूस असतो

"ताई, मानेला खाज सुटतेय," असं ती पहिल्या फिटिंगलाच म्हणाली होती. मी पाहिलं. कॉलर जिथं टेकत होती तिथं बारीक लाल गांधी उठल्या होत्या. "पित्त उठलं असेल, घरी जाऊन आमसुलाचं पाणी लाव," असं सांगून मी पुन्हा कॉलरच्या कडा पाहायला लागले. त्या एका वाक्याची किंमत पुढच्या आठवड्यात त्या नर्तकीनं मोजली. लॅटेक्सचे पोशाख करणारी मंडळी आता आपल्याकडेही वाढताहेत, नृत्यासाठी, फोटोंसाठी, छोट्या फिल्मसाठी. त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडून असं वाक्य जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

या पदार्थाशी माझी ओळख पेणच्या गणपती कारखान्यात झाली. तिथले रबरी साचे सोलून काढताना पाहणं हा एक सोहळा असतो. सोंडेची वळणं, बोटांच्या पेरांवरच्या रेषा, सगळं त्या लवचिक कातडीत उलटं उतरलेलं असतं. मूर्तीचा साचा बनतो तर अंगावरचं शिल्प का बनणार नाही, हा विचार तिथंच डोक्यात शिरला. पुढे लुईझ बूर्ज्वा या शिल्पकर्तीचा १९७५ सालचा फोटो पाहिला. स्वतः घडवलेलं, गोळ्यागोळ्यांनी भरलेलं लॅटेक्सचं शिल्प अंगावर चढवून ती न्यूयॉर्कमध्ये आपल्या घरासमोर उभी आहे. त्या फोटोनं मला कामाला लावलं.

त्या नर्तकीसाठी मी ठरवला तो आकार आमच्या कोकणातला होता. ओहोटीला खडकांवर दिसणारी कालवं, एकावर एक चढलेली, धारदार कडांची. खांद्यापासून मानेभोवती आणि तिथून डोक्यामागे अशी कालवांची रांग चढत जायची होती. मातीत आकार घडवले, पीओपीचे साचे घेतले आणि अमोनिया घातलेलं पातळ लॅटेक्स ब्रशनं चढवत गेले.

या कामात घाई चालत नाही. पांढरा थर पूर्ण पारदर्शक, मधासारखा दिसू लागला की मगच पुढचा. जाड थर दिला तर वर साय धरते आणि आत ओल राहते. ती ओल महिनाभरानंतरसुद्धा बुरशी होऊन दगा देते. तिसऱ्या-चौथ्या थरात मलमलीच्या पट्ट्या घातल्या की कड फाटत नाही. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात भिजवायचा, नाहीतर एका थरातच त्याचा दगड होतो. साच्यावरून सोलताना दोन्ही बाजूंना शंखजिऱ्याची पूड मारत जायची. ओलसर लॅटेक्स एकदा स्वतःलाच चिकटलं की वेगळं होत नाही. सुकताना ते आक्रसतं, त्यामुळे साचा अंगापेक्षा जरा मोठाच घ्यावा लागतो. हे सगळं मी मन लावून शिकले होते. त्या आकाराच्या आत कोण उभं राहणार आहे, एवढंच शिकायचं राहिलं होतं.

मे महिन्यातली दुपार. गोरेगावचा स्टुडिओ, डोक्यावर दिवे. पोशाख मी जाणूनबुजून सलग केला होता. मागे चेन नाही, बटण नाही, कारण कालवांच्या रांगेत खंड पडलेला मला बघवत नव्हता. डोक्यातून चढवायचा, डोक्यातूनच काढायचा. वीसेक मिनिटं झाली आणि ती म्हणाली, "ताई, ओठ जड झालेत." पाहते तर खालचा ओठ सुजलेला. मग आवाज बसला. मग खोकला. आम्ही चौघींनी पोशाख वर ओढायला सुरुवात केली, तर घामानं ओलं झालेलं लॅटेक्स अंगाला चिकटून बसलेलं. कात्री मेकअपच्या खोलीत होती. ती आणेपर्यंत आणि कॉलर उभी कापेपर्यंत किती वेळ गेला ते मला माहीत नाही. तिच्या छातीतली घरघर मात्र अजून ऐकू येते.

रुग्णालय जवळ होतं म्हणून ती वाचली. पोचताच मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं, "फुगा फुगवताना ओठ खाजतात का? केळं खाल्ल्यावर घशात काही होतं?" दोन्हींची उत्तरं हो होती. लहानपणापासून. "मला हे कुणी विचारलंच नव्हतं," असं ती म्हणाली तेव्हा मी खोलीतच होते.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्याकडे दोडामार्ग भागात या झाडांचे मळे आहेत. केरळात तर विचारूच नका. त्या चिकात जी प्रथिनं असतात, त्यांची काही जणांच्या शरीराला ॲलर्जी असते. केळं, पपई, किवी, ॲव्होकॅडो यांतल्या काही प्रथिनांशी त्यांचं साम्य आहे, म्हणून ही फळं न सोसणाऱ्या माणसाला लॅटेक्सही न सोसण्याची शक्यता असते. ज्यांच्या खूप शस्त्रक्रिया झाल्या आहेत, जे जन्मतः स्पायना बिफिडा घेऊन आले आहेत, जे वर्षानुवर्षं रबरी हातमोजे घालून काम करतात, त्यांना धोका अधिक. आणि ही ॲलर्जी पहिल्या वेळी गांधींवर थांबली म्हणून दुसऱ्या वेळीही तिथंच थांबेल असं नसतं. त्या फिटिंगच्या दिवशी उठलेलं 'पित्त' हा इशारा होता. आमसुलाचं पाणी लावून मी तो पुसून टाकला.

म्हणून आता मोजपट्टी काढण्याआधी मी विचारते. फुगे, हातमोजे, दंतवैद्याकडचा अनुभव, फळं, दमा, शस्त्रक्रिया. एकाही उत्तरात शंका आली तर लॅटेक्स नाही. मनगटावर तुकडा बांधून घरच्या घरी परीक्षा घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ज्याला तीव्र ॲलर्जी आहे त्याच्यावर तो तुकडाही बेतू शकतो. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे पाठवा, रक्ताची किंवा त्वचेची चाचणी तिथं होऊ दे. तयार पोशाख पाणी बदलत बदलत भिजवून धुतला की काही प्रथिनं निघून जातात, हे खरं. पण ॲलर्जी असलेल्या माणसासाठी तो तरीही सुरक्षित होत नाही. पूड मारायचं काम मोकळ्या हवेत करा. चिकातली प्रथिनं पुडीच्या कणांवर बसून उडतात आणि श्वासावाटे आत जातात. अमेरिकेत पावडर लावलेल्या हातमोज्यांवर २०१७ साली बंदी आली, त्यामागे हेही एक कारण होतं.

ॲलर्जी नसलेल्या माणसालाही या पोशाखात जपावंच लागतं. घाम येतो, पण वाळत नाही, आणि अंग थंड करायचा शरीराचा तोच तर उपाय. आपल्या हवेत मी वीस मिनिटांच्या वर कुणाला बंद पोशाखात ठेवत नाही. मग उघडायचं, पाणी प्यायचं, पंख्याखाली बसायचं. निर्माता घड्याळ दाखवायला लागला तरी. प्रत्येक पोशाखाला पाठीत वरपासून खालपर्यंत उघडणारी जागा असते, आणि ती उघडायला दोन हात व दहा सेकंद पुरले पाहिजेत. बोथट टोकाची कात्री, दवाखान्यात बँडेज कापायला वापरतात तशी, माझ्या गळ्यात अडकवलेली असते. तिच्यासाठी कुणाला पळावं लागू नये. विंगेतल्या एकाला तरी १०८ कधी लावायचा हे आधीच सांगून ठेवलेलं असतं: ओठ, जीभ, आवाज किंवा श्वास, यातलं काहीही बदललं की लगेच.

कामाच्या खोलीबद्दल थोडकंच. अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबला म्हणजे खिडक्या कमी पडताहेत असं समजा. तुकडे जोडायचं रबरी सोल्युशन, पंक्चरवाल्याकडे असतं त्या जातीचं, भपकन पेट घेतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. त्या खोलीत उदबत्तीसुद्धा नको.

आणि तेल. फणस कापताना चीक चिकटू नये म्हणून आपण हाताला खोबरेल चोळतो. वाळलेल्या रबरालाही तेलाचं तितकंच वावडं, ते फुगतं आणि सैल पडतं. नर्तकीला आधीच सांगून ठेवा, त्या दिवशी केसांना तेल नको. तांब्यापितळेचे दागिने फिकट लॅटेक्सवर तपकिरी डाग पाडतात, ते जात नाहीत. ऊन त्याला ठिसूळ करतं. शिल्पकर्ती एव्हा हेसचं 'एक्स्पान्डेड एक्स्पान्शन' हे १९६९ चं लॅटेक्सचं काम इतकं कडक आणि काळपट झालं की ते ३५ वर्षं लोकांसमोर आलं नाही. मोठ्या डागडुजीनंतर २०२२ साली गुगेनहाइम संग्रहालयात ते पुन्हा मांडलं गेलं. तेव्हा गिऱ्हाइकाला पोशाखाचं आयुष्य आधीच सांगा, आणि फोटो वेळेत काढून घ्या.

ती नर्तकी पुढच्या डिसेंबरात कालवं घालून रंगमंचावर आली. ती कालवं मी हलक्या फोमवर सिलिकॉनचा लेप देऊन पुन्हा घडवली होती, पाठीत उघडणारी. कडा लॅटेक्सइतक्या पातळ आल्या नाहीत, दिव्याखाली तशा झळाळल्याही नाहीत. तिसऱ्या रांगेतून मला तो फरक दिसत होता, दुसऱ्या कुणाला दिसला नसावा. ती पूर्ण चाळीस मिनिटं नाचली.

तुमच्याकडे फिटिंगला येणाऱ्या माणसाला आकार दाखवण्याआधी, रंग दाखवण्याआधी, एवढं विचारा: फुगा फुगवताना तुझे ओठ कधी खाजले होते का?