दोन तांबडे दिवे

पोरी, रात्रीच्या वॉचला एकावर एक दोन तांबडे दिवे दिसले, की दुर्बिणीआधी ऑफिसरला हाक मार. त्या जहाजाचं इंजिन बंद पडलंय नाहीतर सुकाणू अडकलंय. दिवसा त्याच जागी दोन काळे गोळे असतात. तांबडा-पांढरा-तांबडा दिसला तर गोष्ट निराळी: इंजिन धड आहे, पण हातात काम आहे. केबल टाकणं चालू असेल, पाणबुड्या खाली असेल. दिवसा गोळा, चौकट, गोळा. गाळ उपसणारा ड्रेजर असेल तर दोन तांबडे असलेल्या बाजूला फिरकायचं नाही, दोन हिरव्यांच्या बाजूने निघायचं.

हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर भेटतो, तेव्हा आपणच सांभाळून पुढे काढतो ना? जहाजांची टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या नियमावलीतला अठरावा नियम तेवढंच सांगतो. पण हा नियम एकमेकांना डोळ्यांनी दिसणाऱ्या जहाजांपुरता. धुक्यात तो लागू नाही. तिथे असं अडलेलं जहाज एक लांब, दोन आखूड भोंगे देतं. तेच भोंगे मासेमारीचं जहाजही देतं आणि शिडाचंही, म्हणून आवाजावरून ओळख पटवत बसू नकोस. वेग कमी असू दे.

आपलंच जहाज अडलं तर डोलकाठीवरचे पांढरे दिवे बंद, तांबडे चालू. पाण्यातून पुढे सरकत असेल तोवर बाजूचे आणि मागचे दिवे ठेवायचे, थांबलं की तेही बंद. घाईत हेच चुकतं. आणि दिव्यांवर भिस्त नको, रेडिओवर आधी बोल. 26 मार्च 2024 ला बाल्टिमोरात 'डाली' या मालवाहू जहाजाची वीज गेली आणि ते पुलावर आदळलं. खलाशी बहुतेक आपलेच, भारतीय. पायलटने वेळेत कळवलं म्हणून पोलिसांना पुलावरची वाहनं अडवता आली. पुलावर काम करणारे सहा मजूर मात्र वाचले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' फेरीबोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून आदळली. तिथे गोळे चढवायला सवड कुठली? तशी चाचणी मोकळ्या पाण्यात, फेरीबोटींपासून लांब.

आणखी एक. पुढच्या बंदराची ऑर्डर येईपर्यंत नुसतं तरंगत राहायचं म्हणून तांबडे दिवे लावून निवांत झोपणारी जहाजं भेटतील. इंजिन चालू होण्यासारखं असेल तर ती लबाडी आहे, आणि तसं करायला कोणी सांगितलं तर लॉगबुकात काय लिहायचं ते आधी विचार.