दुर्बीण हवाईत, प्रयोगशाळा लातुरात

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात दूरस्थ दुर्बिणीची प्रयोगशाळा उभारायची आहे. सुरुवात कुठून करावी? (प्राध्यापक, लातूर)

उत्तर : घुमटाचा विचार सोडा, संगणककक्ष सज्ज करा. लडाखमधल्या हानले इथली २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालते. तुम्हाला चार-पाच संगणक आणि भरवशाचं इंटरनेट पुरेल. यूपीएसवर मात्र काटकसर नको. दुपारी दीडला हवाईत आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. म्हणजे तिथल्या हालेआकाला पर्वतावरची लास कुम्ब्रेस वेधशाळेची दुर्बीण ऐन तुमच्या तासाला आकाश पाहत असते! तिच्या वेळेसाठी प्रस्ताव द्यावा लागतो. तोवर हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या मायक्रोऑब्झर्व्हेटरीकडून मोफत प्रतिमा मागवा. मुलांना नुसती देखणी चित्रं दाखवू नका. प्रतिमेची मूळ मोजमापं जपणारी फिट्स फाइल द्या आणि रूपविकारी ताऱ्याचं तेज त्यांनाच मोजू द्या.