अंधूक ताऱ्यांतले लोखंड

नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास चिखलदऱ्याच्या पठारावरून दक्षिणेकडे पाहा. क्षितिजापासून सुमारे ३५ अंशांवर, शिल्पकार तारकासमूहात, एक बटु दीर्घिका आहे. हार्लो शॅप्ले यांनी १९३८ मध्ये ती जाहीर केली. मेळघाटच्या काळोखातही ती नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. ती सुमारे पावणेतीन लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तरीही तिच्या एकेका ताऱ्यात लोखंड किती, हे मोजता येते. ते कसे?

ताऱ्याच्या वातावरणातले प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषते. वर्णपटात तेथे काळी रेषा उमटते. तोच तप्त वायू स्वतः प्रकाशला, तर रेषा तेजस्वी दिसते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जमखंडी येथून जॉन हर्शेल यांनी सूर्याच्या ज्वालांत अशा तेजस्वी रेषा पाहिल्या. त्या ग्रहणात दिसलेली पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली.

पण मूलद्रव्य ओळखणे निराळे आणि मोजणे निराळे. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा हायड्रोजनपेक्षा ठळक आहेत. प्रत्यक्षात हायड्रोजनचे अणू कित्येक लाखपट अधिक! मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये याचे मर्म दाखवले: अणूंचे आयनीभवन तापमानावर आणि दाबावर अवलंबून असते. म्हणून आधी ताऱ्याच्या रंगावरून तापमान ठरवावे लागते, मगच रेषेवरून मात्रा.

अंधूक ताऱ्याचा प्रकाश फार बारीक वाटला, तर एकेका वाट्याला काहीच उरत नाही. म्हणून वर्णपट मध्यम बारकाईचा घेतात. लोखंडाच्या मात्रा निरनिराळ्या धरून संगणकाने वर्णपट तयार करतात आणि शेकडो रेषा एकदम जुळवून पाहतात. हवाई बेटावरील १० मीटर व्यासाच्या केक दुर्बिणीने इव्हान कर्बी व सहकाऱ्यांनी या रीतीने शिल्पकारासह आठ बटु दीर्घिकांतील सुमारे ३००० तारे मोजले. ती यादी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली.

आढळले असे, की दीर्घिका जितकी अंधूक, तितके तिच्या ताऱ्यांत लोखंड साधारणपणे कमी. लोखंड ताऱ्यांच्या स्फोटांतून विखुरते, आणि लहान दीर्घिकेच्या क्षीण गुरुत्वाकर्षणाला तो वायू धरून ठेवता येत नाही. शिल्पकार दीर्घिकेत २०२१ मध्ये एक तारा असा मिळाला, की त्यात लोखंडाचे प्रमाण सूर्याच्या सुमारे १३,००० व्या हिश्श्याइतकेच आहे. त्याच्या आधी फारच थोडे तारे जगून स्फोट पावले असावेत. विश्वाच्या आरंभीची ती नोंद आहे.

आता सांगा: वर्णपट चौपट बारीक वाटला, तर प्रत्येक भागाला पूर्वीइतकाच प्रकाश मिळण्यासाठी दुर्बीण किती पट वेळ रोखून धरावी लागेल?