कमळ, कुमुद आणि गावाचे तळे

जळगाव जिल्ह्यातील एरंडोल तालुक्यात पद्मालय हे गणेशक्षेत्र आहे. पद्मांचे आलय, म्हणजे कमळांचे घर. मंदिरालगतच्या तळ्याची ओळख अशी नावातच सामावलेली आहे. तथापि पाण्यावर उमललेले प्रत्येक फूल कमळ नव्हे. संथ व उथळ पाण्यात वाढणारे कुमुद लोकव्यवहारात कमळ म्हणूनच ओळखले जाते. वनस्पतिशास्त्रही पूर्वी या दोहोंस एकाच कुळात गणीत असे. आता कमळास स्वतंत्र कुळ देण्यात आले असून त्याचे जवळचे आप्त चिनार वृक्षाच्या कुळात सापडतात, ही बाब शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

दोहोंतील भेद पानावरून कळतो. कमळाचे पान अखंड वर्तुळाकार, बहुधा पाण्याच्या वर उचललेले. त्यावर थेंब मोत्यासारखा घरंगळतो. कुमुदाचे पान पाण्यावर पसरलेले राहते व त्यास कडेपासून देठापर्यंत खोल खाच असते. त्याची श्वसनरंध्रे पानाच्या वरच्या बाजूस असतात आणि देठातील पोकळ नळ्यांतून हवा चिखलातील कंदापर्यंत पोचते. निळ्या कुमुदाचे फूल दिवसा उमलते. पानाखाली लव असलेली दुसरी जात मात्र रात्री फुलते. कुमुदाचे नाते चंद्राशी जोडणाऱ्या संस्कृत कवींचे निरीक्षण अचूकच म्हणावे लागेल. फळ पाण्याखाली पिकते. बियांभोवती हलके, सच्छिद्र वेष्टन असल्याने त्या काही काळ तरंगत दूर जातात व नंतर तळाशी बसतात.

उपवासाला चालणारा मखाणा हाही कुमुदाच्याच कुळातील होय. त्यास कमळाचे बी म्हणण्याचा प्रघात आहे, तो बरोबर नाही. बिहारमधील मिथिलेच्या मखाण्यास 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

ही ओळख पंचायत सदस्यांनाही उपयोगी आहे. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती. तिचे देठ फुगीर, मुळे पाण्यात लोंबणारी. ती पाणी झाकून टाकते, म्हणून काढलीच पाहिजे. परंतु तिच्याबरोबर कुमुदही उपटले जाते. कमळपक्षी तरंगत्या पानांवरच घरटे करतो, हे अशा वेळी कोणाच्या लक्षात येत नाही. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली तलावांतील गाळ शेतात नेला जात आहे. खानदेशासारख्या उन्हाळ्यात तळी आटणाऱ्या प्रदेशात हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. मात्र तळे कोरडे पडले तरी कुमुदाचा कंद चिखलात तग धरून असतो. यंत्राने सर्व तळ खरवडला की कंद आणि बी दोन्ही गाळाबरोबर शेतात जातात. पुढे पाऊस कितीही झाला तरी फूल दिसत नाही.

यास्तव गाळ काढण्यापूर्वी काठालगतचा एखादा उथळ पट्टा खुंट्या ठोकून राखून ठेवावा. ते शक्य नसल्यास काही कंद काढून ओल्या चिखलासह घमेल्यात सावलीत जपावेत, चिखल वाळू देऊ नये आणि पावसाळ्यात तळ्यात गुडघाभर पाणी आल्यावर ते काठाजवळ पुन्हा लावावेत.