हायवा येण्याआधी विहीर मोजा

अकोला-हिंगोली-नांदेड रस्त्याचं चौपदरीकरण सुरू झालं आणि कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या माळाला एकाएकी भाव आला. भरावाला मुरूम हवा होता. ज्या बरड जमिनीत कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं, तिचे ब्रासावर पैसे मिळू लागले. जमीन देणारा आमच्यातलाच, कर्जाने वाकलेला शेतकरी. त्याला मी आजही दोष देत नाही. पण त्या माळाच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठाला, गावाच्या नळयोजनेची विहीर आहे, आणि पोकलेन लागला तो नेमका तिच्या वरच्या अंगाला.

आपल्याकडचा खडक म्हणजे काळा पाषाण. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरमात, आणि खालच्या भेगांत. असा एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, भिजलेला मुरूम विहिरीला साधारण दोन-तीन घनफूट पाणी सोडतो. साठ ते ऐंशी लिटर. जलजीवन मिशनने माणशी दिवसाला 55 लिटरचं माप धरलं आहे. पाण्याच्या पातळीखालून उचललेल्या प्रत्येक ब्रासाबरोबर एका माणसाचं एका दिवसाचं पाणी धरून ठेवणारी जागा जाते, आणि ती पुन्हा तयार होत नाही. नुकसान तिथेच थांबत नाही. खड्डा पातळीखाली गेला की आसपासचं पाणी विहिरीकडे जायचं सोडून त्यात उतरतं. मग ते उन्हाने उडतं, नाहीतर इंजिन लावून ओढ्यात सोडलं जातं.

आमच्याकडे हेच झालं. दिवाळी होऊन गेली, पाऊस कधीचाच थांबलेला, तरी खड्ड्याच्या भिंतीतून पाझर चालूच. ठेकेदाराचा माणूस म्हणायचा, पावसाचं साचलंय. साचलेलं पाणी उपसलं की संपतं. हे संध्याकाळी उपसून सकाळी पुन्हा तेवढंच. संक्रांतीपर्यंत विहिरीचा खालचा टप्पा उघडा पडला, दिवसाआड येणारा नळ चार दिवसांवर गेला आणि बायाबापड्या घागरी घेऊन मळ्यातल्या विहिरींची वाट धरू लागल्या. कार्यालयात गेलो, तर उत्तर मिळालं: "यंदा पाऊसच कमी. खड्ड्यामुळे आटली, याला पुरावा काय?"

पुरावा उभा केला तो एका दोरीने. अर्ध्या-अर्ध्या फुटावर गाठी मारल्या, टोकाला धोंडा बांधला. पहाटे, नळाचा पंप सुरू होण्याआधी, काठावर रंगाने केलेल्या एकाच खुणेपासून दोरी सोडायची आणि ओला भाग वगळून कोरड्या गाठी मोजायच्या. वहीत तारीख, वेळ, पातळी, आणि पाणी सोडणारा कर्मचारी व शाळेतले गुरुजी अशा दोघांच्या सह्या. शेवटचा रकाना खड्ड्यावरच्या इंजिनाचा: चालू की बंद. पुढे ते इंजिन बिघडलं आणि काही दिवस बंद राहिलं. तेवढ्या दिवसांत विहिरीची पातळी वर सरकली. इंजिन दुरुस्त होऊन सुरू झालं, पातळी पुन्हा उतरली. वहीतली ती दोन पानं आमच्या सगळ्या मोर्चा-निवेदनांपेक्षा भारी ठरली. ती पाहिल्यावरच भूवैज्ञानिक जागेवर आले.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुमच्या जवळच्या निरीक्षण विहिरीचे आकडे मागून घ्या. पाऊस सगळीकडे सारखाच कमी आणि तुमचीच विहीर जास्त खाली गेली असेल, तर पावसाची सबब टिकत नाही.

पातळीच्या आकड्यांसारखेच कागदही हाताशी हवेत. माहिती अधिकारात परवाना, गट नंबर, मंजूर ब्रास, मुदत आणि नकाशा मागवा, आणि खड्ड्याची ईटीएस यंत्राने मोजणी करण्याचा लेखी आग्रह धरा. परवान्याबाहेर उपसा निघाला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. क्षेत्र लहान आहे, मंजुरी लागत नाही, असं कुणी सांगितलं तर दीपक कुमार विरुद्ध हरियाणा हा सर्वोच्च न्यायालयाचा 27 फेब्रुवारी 2012 चा आदेश दाखवा. पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीची अट त्यात आहे. रस्त्यांसाठी साधी माती उपसायला केंद्राने 28 मार्च 2020 ला दिलेली सूटही त्याच न्यायालयाने 21 मार्च 2024 ला रद्द केली. हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे जायचं तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. तोंडी आश्वासनांवर हे सहा महिने सहज निघून जातात.

रात्री मुरमाचे हायवा ट्रक अडवायला जाऊ नका, एकट्याने तर मुळीच नाही. पर्यावरण कार्यकर्त्या सुमैरा अब्दुलअली यांच्यावर 2004 मध्ये अलिबागजवळ किहीमला वाळू उपशाच्या वादातूनच हल्ला झाला होता. शिवाय हायवावरचा ड्रायव्हर बहुधा शेजारच्या गावचा पोरगा असतो; त्याच्याशी भांडून विहिरीला पाणी येत नाही.

आणि रस्त्याला विरोध करू नका. ग्रामसभेच्या ठरावाचा आमचा पहिला मसुदा तसाच होता, आणि लगेच आम्हाला विकासविरोधी ठरवलं गेलं. नंतर लिहिलं: रस्ता हवा, मुरूम या गटातून नको. पर्यायही दिला. बुलढाणा जिल्ह्यात तलाव-नाल्यांच्या खोलीकरणातून निघालेला माती-मुरूम महामार्गांना वापरण्यात आला; रस्ता झाला आणि पाणीसाठाही वाढला. त्या ठरावानंतर आमच्यात फूट पाडणं कुणाला जमलं नाही.

उपसा थांबला, परवान्याला मुदतवाढ मिळाली नाही. खड्डा मात्र आहे तसाच आहे, विहीर पूर्वीसारखी भरत नाही, आणि मे महिन्यात टँकर लागतो.

ज्या गावाच्या माळावर अजून पोकलेन आलेला नाही, त्या गावाला हात जोडून सांगणं आहे: या आठवड्यात विहिरीच्या काठावर रंगाची खूण करा, दर पंधरवड्याला पातळी मोजा आणि येत्या ग्रामसभेत ते आकडे इतिवृत्तात नोंदवून घ्या.