बिनतारी जाळ्यावरील ध्वनीची पारख

वऱ्हाडात श्रवणाची परंपरा मोठी आहे. अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने गावोगाव पोहोचली. आज अशी भजने आणि शालेय श्राव्य पाठ अमरावती-अकोल्याच्या घरांत व शाळांत वायफायवरून ऐकता येतात. मात्र आवाज तुटू लागला की दोष इंटरनेट जोडणीला दिला जातो आणि अधिक वेगाच्या जोडणीवर खर्च केला जातो. तो करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, याची पारख होणे अगत्याचे आहे.

गरज किती?

सीडीवरील ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लक्ष बिट. उच्च प्रतीच्या ध्वनीत ९६,००० नमुने व २४ बिट धरल्यास हा आकडा ४६ लक्षांवर जातो. म्हणजेच सेकंदाला एक कोटी बिटांची, पण स्थिर जोडणी यास पुरेशी आहे. अडचण बहुधा वेगाची नसून सातत्याची असते.

अडथळे कोणते?

मातीच्या जाड भिंती, सळयांचा स्लॅब, टिनाची पत्रे आणि उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला लोखंडी कूलर हे सारे लहरींना अडवितात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात. परंतु त्या पट्ट्यात एकमेकींवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, आणि ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह भट्टीही तोच पट्टा वापरतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असला तरी त्याच्या लहरी भिंतीपुढे लवकर क्षीण होतात.

चाचणीची रीत

एकच ध्वनिमुद्रण तीन वेळा, प्रत्येकी अर्धा तास वाजवावे : प्रथम राऊटरला तार जोडून, नंतर त्याच खोलीत बिनतारी आणि शेवटी दूरच्या खोलीत. दर वेळी आवाज किती वेळा तुटला, याची नोंद ठेवावी. तारेवरही तुटला, तर दोष बाहेरील जोडणीत किंवा यंत्रात आहे. केवळ दूरच्या खोलीत तुटला, तर राऊटरची जागा बदलावी. संध्याकाळी जाळ्यावर गर्दी असते, तेव्हा चाचणी पुन्हा घ्यावी.

बिनतारी जाळे आवाज 'मळकट' करीत नाही. हरवलेली माहिती ते पुन्हा मागविते. ती वेळेत न आल्यास आवाज तुटतो. स्पष्टता घटली असेल, तर प्रसारण सेवेने जोडणी मंद पाहून आपणहून प्रत उतरविली आहे काय, हे आधी तपासावे.

कानाची परीक्षा

उच्च प्रतीचा फरक खरोखर जाणवतो काय, हे नाव झाकून ठरवावे. दुसऱ्या व्यक्तीने सारख्याच पट्टीत दोन प्रती ऐकवून त्यांपैकी एक पुन्हा लावावी. ऐकणाऱ्याने ती ओळखावी. असे १६ वेळा करावे. केवळ अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारांहूनही कमी असते. खंजिरीचा तीक्ष्ण ठोका या परीक्षेस विशेष उपयुक्त ठरतो, कारण अति संक्षेपित प्रतीत तोच प्रथम बोथट होतो.

जुन्या ध्वनिफितींचे जतन मात्र २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ या उच्च प्रतीतच व्हावे. वर्गात ऐकविण्यासाठी लहान प्रत पुरे. मागच्या बाकावरील मुलास पाठातील प्रत्येक शब्द सलग व स्वच्छ ऐकू येणे, हीच शाळेपुरती खरी कसोटी होय. ती पाहून मगच खर्चाचा ठराव घेणे हिताचे ठरेल.