बहादरपूरची गोधडी आणि हिशेबाची वही
(इयत्ता चौथीच्या शिक्षकांसाठी)

जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पारोळा हे तालुक्याचे गाव लागते. याच तालुक्यात बहादरपूर हे खेडे आहे. खानदेशातील इतर खेड्यांप्रमाणे येथेही शेती आणि मजुरी हाच निर्वाहाचा मुख्य आधार. पाऊस चुकला की मजुरी बुडते, मजुरी बुडाली की कर्ज वाढते, आणि घरखर्च आवरताना पहिला खंड पडतो तो बहुधा मुलीच्या शाळेत. हजेरीपटावरील तिच्या नावापुढचे रिकामे घर शिक्षकास दिसते. त्यामागील घरचा जमाखर्च मात्र सहसा दिसत नाही. तो जमाखर्च गावातील स्त्रियांनी स्वतःच्या हाती कसा घेतला, हे या पाठात पाहावयाचे आहे.

नीलिमा मिश्रा या बहादरपूरच्याच कन्या. पुणे विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्राचा अभ्यास केला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी उभारलेल्या विज्ञान आश्रमात त्यांनी काही वर्षे काम केले. हाताने काम करता करता शिकणे, ही त्या आश्रमाची पद्धती. पुढे १९९५ साली नीलिमाताईंनी आपल्याच गावी ‘भगिनी निवेदिता ग्रामीण विज्ञान निकेतन’ ही संस्था स्थापिली. भगिनी निवेदिता म्हणजे स्वामी विवेकानंदांच्या आयरिश शिष्या. त्यांनी १८९८ साली कलकत्त्यास मुलींची शाळा काढली होती. ते नाव संस्थेने धारण केले, यातच तिचा हेतू स्पष्ट होतो.

गावाची अडचण गावानेच ओळखावी व तिचा उपायही गावातच शोधावा, हे या कार्याचे सूत्र होय. २००० साली १४ स्त्रियांचा पहिला बचत गट स्थापन झाला. पुढे स्त्रिया गोधड्या शिवून विकू लागल्या. गोधडी शिवणे ही कला खानदेशातील आजीला, आईला पूर्वापार अवगत आहे. परंतु घरात पांघरण्यापलीकडे तिचे मोल कोणी केले नव्हते. गटामुळे त्याच कलेला भाव आला आणि येथील गोधडी परदेशी बाजारपेठेपर्यंत पोहोचली. उत्पादनाबरोबरच हिशेब ठेवणे, विक्री करणे व संगणक चालविणे यांचेही शिक्षण स्त्रियांना मिळाले. शौचालयांची बांधणी व शेतकऱ्यांसाठी फिरता निधी ही कामेही संस्थेने हाती घेतली.

२०११ साली नीलिमाताईंना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या वेळी सुमारे २०० गावांत १८०० बचत गट उभे राहिल्याची नोंद झाली होती. २०१३ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. हाती कला असली तरी अक्षर व अंक नसतील, तर त्या कलेची नोंद दुसऱ्याच्या हाती राहते. आपल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी पुत्र सोपानदेव व घरच्या मंडळींनी टिपून ठेवली, म्हणून ती १९५२ साली ग्रंथरूपाने आपल्यापर्यंत आली. प्रत्येक घरी असा टिपून घेणारा असतोच असे नाही. गटाच्या वहीत किती पैसे जमा, किती येणे, हे जी स्त्री स्वतः वाचू शकते, तिला सभेत प्रश्न विचारण्याचे धैर्य येते. ज्या गटात कोणालाच वही वाचता येत नाही, तेथे वही ठेवणाराच मालक होऊन बसण्याची भीती असते. म्हणून चौथीच्या वर्गातील गुणाकार आणि व्याजाची उदाहरणे ही मुलीच्या पुढील स्वातंत्र्याची शिदोरी आहे. ती अर्ध्यावर शाळा सोडून गेली, तर ही शिदोरी शाळेतच राहते.

वर्गात पाठ घेताना

आपल्या गावातील बचत गटाच्या एखाद्या भगिनीस वर्गात निमंत्रण द्यावे व गटाचे काम तिच्याच तोंडून मुलांना ऐकवावे. घरची गोधडी आणून तिचे टाके व ठिगळे मुलांना दाखवावीत. वही भरण्याचे काम मुलींप्रमाणे मुलांनाही द्यावे. वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या आईस हा पाठ घरी जाऊन सांगावा. तिला तो आपल्याहून लवकर समजेल.

स्वाध्याय (आकडे सरावासाठी योजिले आहेत.)

१. एका गटात १४ स्त्रिया आहेत. प्रत्येकीने दरमहा ५० रुपये जमा केल्यास महिन्यास किती रक्कम जमेल? वर्षाअखेर किती?

२. गंगूबाईंनी गटाकडून २००० रुपये कर्ज घेतले. दरमहा ४०० रुपये मुद्दल व उरलेल्या रकमेवर शेकडा १ रुपया व्याज भरून त्यांनी ते ५ महिन्यांत फेडले. एकूण व्याज किती झाले? (उत्तर : ६० रुपये)

३. तेवढीच रक्कम दरमहा शेकडा ५ रुपये व्याजाने सावकाराकडून घेऊन ५ महिन्यांनी एकदम फेडली असती, तर व्याज किती झाले असते? (उत्तर : ५०० रुपये)

४. दोन्ही व्याजांतील फरक काढा. तेवढ्या पैशांत शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी कोणकोणत्या वस्तू घेता येतील, याची यादी करा.